हनुमंताची घोडी माथ्यावर थांबली

पेठ गावच्या हनुमंत रोकड्याला कुणी नव्या पाहुण्यानं विचारलं, "काय करता आपण?" तर तो आधी दावणीकडं बघायचा आणि मग म्हणायचा, "घोडी हाय आपली." दीड एकर रान होतं, त्यात कांदा व्हायचा, बटाटा व्हायचा, लेक चाकणला कंपनीत होता. पण हे सगळं पुढचं. पाहुण्यानं फारच खोदून विचारलं तर. ऐकणाऱ्याला वाटावं की हा घोडीला सांभाळत नसून घोडीच याला सांभाळते, आणि त्याची बायको जानकाबाई तर हे उघड बोलूनच दाखवायची.

घोडीचं नाव साळुंकी. रंगानं तशीच तपकिरी, आणि चालायचीही तशीच, मान उडवत, टुकटुक. हनुमंत स्वतः अंगानं वाळल्या शेंगेसारखा. पन्नाशी उलटून गेली होती तरी बिनखोगिराच्या घोडीवर असा बसायचा की लांबून बघणाऱ्याला घोडी रिकामीच पळतेय असं वाटावं.

घोड्याचा नाद बापाकडून आला. बाप तट्टावर व्यापाऱ्याचा हिरडा लादून तळेघरहून घोडेगावला आणायचा, तिकडं एसटी दिवसातून एखादी जायची तेव्हाची गोष्ट. त्याच बापाच्या लहानपणी त्यांच्या आळीतला नवरदेव गावातून घोडीवर बसून जात नव्हता. पुढं आळीनं बुद्धाची वाट धरली, पोरं शिकली, दिवस पालटले. आता आसपासच्या गावांत कुणाच्याही लग्नाची वरात निघायची झाली, की नवरदेवाला हनुमंताच्या खांद्यावर हात ठेवूनच वर चढावं लागायचं. हनुमंत यावर काही बोलायचा नाही. जानकाबाई बोलायची. "चढा म्हणावं नीट," ती घरात हसायची, "आमच्या खांद्याला काय बी लागत न्हाई."

पण लग्न हे साळुंकीचं पोटापाण्याचं काम. तिचा खरा जीव घाटात होता.

घाट म्हणजे डोंगरातला नव्हे. आपल्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीची चढावरची धावपट्टी, तिला घाट म्हणतात. चार बैलांचा हलका गाडा खालून सुटतो, त्याच्यापुढं घोडी धरलेली असते. बैल घोडीला बघून पळतात. घोडी बैलांपासून लांब गेली तर बैल सुस्तावतात, फार जवळ राहिली तर तुडवून काढतात. मधलं अंतर राखणं हे स्वाराचं कसब. एक गाडा वर पोचला की एक बारी झाली. शर्यतींवर बंदी होती ती वर्षं हनुमंतानं लग्नांवर काढली. बंदी उठली आणि घोडीच्या दारात पुन्हा गाडामालकांच्या मोटारसायकली लागायला लागल्या.

आणि त्यांच्यासोबत खुराक.

ही या भागातली रीतच आहे म्हणा. ज्यानं यात्रेला घोडी सांगितली, म्हणजे आधीच ठरवून ठेवली, तो यात्रेच्या आधीपासून घोडीच्या घरी खुराक धाडतो. आपल्या बैलाला जे घालतो तेच. तो घ्यायचाच असतो. परत पाठवला तर मालकानं समजून घ्यायचं की घोडी दुसऱ्या कुणाला सांगितली, बोलणी फिसकटली. मग चारचौघांत तोंड दाखवायचं कसं?

त्या वर्षी चैत्रात घोडी सांगितली होती कळंबच्या गोरखशेठनं. गोरखशेठ टोमॅटोचा व्यापारी, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्याचा माणूस रोज सकाळी डबे घेऊन यायचा. उडदाची भरड, भिजवलेले हरभरे, गूळ, गावठी अंडी, वर सायीचं दूध.

नेमका त्याच वेळी एका वरातीत साळुंकीच्या मागच्या खुरात खडा रुतला. नालबंदानं खडा काढला, नाल बदलला आणि सांगितलं, "काय न्हाई, पण यात्रेपतूर उभी ठेव. पळवू नको, फिरवू नको."

हनुमंतानं अक्षर न् अक्षर पाळलं. घोडी दावणीला उभी. खुराक मात्र चालू. बंद कसा करणार? उलट त्याच्या मनात आलं, बसून आहे तोवर ताकद साठेल. मोटारीत पेट्रोल भरून ठेवावं तशी. दोन्ही टायमाला तो स्वतः पाटी भरायचा आणि घोडी पाटी चाटून पुसून ठेवायची. तिच्या कातड्यावर असं तेज चढलं की आळीतले लोक हात लावून बघायचे.

"एवढं जर मला खाऊ घातलं आसतं," जानकाबाई म्हणाली, "तर या दारातनं मावले नसते मी."

"तू काय पळणार हायेस का घाटात?"

"सारं आयुक्ष पळतीयाच की! फकस्त वर गेल्यावं गुलाल कोण उधळत न्हाई."

यात्रा होती कळंबच्या अलीकडच्या एका वाडीत, भैरवनाथाची. सकाळपासून घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस दाटलं होतं. आईस्क्रीमच्या गाड्या, उसाचा रस, स्पीकरवरचा निवेदक, आणि गाडा सुटताना कडाडणारी हलगी. साळुंकीला हे सगळं पाठ. हलगीवर काडी पडली की तिचे कान उभे राहायचे, आणि निवेदकाची "भिर्रर्र" अशी आरोळी आली की हनुमंतानं टाच मारायच्या आधीच ती निघायची.

त्या दिवशीही निघाली. गोरखशेठचे बैल तिच्या शेपटाला लागले. अर्ध्या चढापर्यंत अंतर असं राहिलं की जाणत्या माणसांनी टोप्या काढल्या. मग हनुमंताला मांडीखाली काहीतरी वेगळं लागलं. घोडीचा मागचा भाग पुढच्याच्या मागं राहत होता. पावलं तोकडी पडत होती. तरी तिनं बारी काढली, निशाणाच्या पुढं गेली, माथ्यावरच्या मोकळ्या मैदानात पन्नासेक पावलं गेली आणि थांबली.

बाजूला वळली नाही, खाली बसली नाही. मैदानाच्या मधोमध नुसती थांबली.

मागं माणसांनी बैल धरले. निवेदकानं सेकंद सांगितले आणि घाटात एकच गलका उठला, गाडा पहिल्यात आला होता, म्हणजे नंबर ठरवणाऱ्या शेवटच्या बारीत पोचला होता. गोरखशेठची माणसं गुलाल उधळत आली. हनुमंत खाली उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर गुलाल पडला आणि हात घोडीच्या पाठीवर. पाठ ओली. नुसता घाम नव्हे, कुणी बादलीनं ओतावं तशी धार लागली होती. त्यानं हात मागं नेला. ढुंगणावरचं मांस दगड झालं होतं. पाट्याचा दगड असतो तसं.

"हनुमंतभाऊ, पेढा घ्या!"

"थांब जरा."

"आरं, पहिल्यात आलाय गाडा!"

"थांब म्हन्लं ना."

घोडीच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मागचे पाय खांबासारखे ताठ, आणि मांड्यांवरचं कातडं थरथरत होतं. चार माणसं जमली, दहा जमली. प्रत्येकाकडं घोडीचं ज्ञान होतं.

"पोटात दुकतंय. फिरवा तिला."

"बसू दिऊ नका. बसली का आतडं पिळतंय."

हे हनुमंतालाही माहीत होतं. बापानं शिकवलेली पहिली गोष्ट हीच. घोड्याचं पोट दुखलं तर चालवायचं, काही झालं तरी चालवायचं. बापानं आपली दोन तट्टं अशीच रात्रभर फिरवून वाचवली होती. त्यानं लगाम धरून ओढलं. "चल साळू, चल माझी बाय."

घोडी कण्हली. इतक्या वर्षांत त्यानं तिचा असा आवाज ऐकला नव्हता. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला मागचा पाय उचललाच नाही, जमिनीवरून नुसता फरफटला. दोघा गड्यांनी मागून ढकललं. आणखी दोन पावलं झाली. मग घोडी पाय फाकवून उभी राहिली आणि मुतली.

बघणारे पुढं वाकले. कोरा चहा फार उकळला की होतो तसा रंग. तांबूस काळा. सुक्या मातीत त्याचा डाग पडला.

"साप," कुणीतरी म्हणालं.

"साप कसला? वीख हे." हे म्हणणारा कोण ते कळलं नाही, पण ते गोरखशेठच्या कानात शिरलं.

"वीख घातलं माझ्या घोडीला!" गोरखशेठ गरजला. "पहिल्यात येनार म्हाईत व्हतं त्यास्नी. कोन आलं व्हतं रं सकाळी हिच्या जवळ? नावं सांगा मला!"

हनुमंत घोडीच्या मानेला धरून उभा होता. माझ्या घोडीला, हे त्याच्या कानावरून गेलं. एरवी तो बोलला असता. त्या वेळी त्याला एवढंच कळत होतं की हा रोग त्याच्या ओळखीचा नाही. पोटशूळ ओळखीचा होता, सर्दी ओळखीची होती, लंगडणं तर रोजचं. हे काय होतं?

शर्यतीत बैल तपासायला जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर स्नेहल मॅडम मांडवात बसल्या होत्या. वयानं पोरगेलीच, आंबेगावात येऊन दुसरं वर्ष. त्यांना कुणीतरी बोलावून आणलं. त्या चालत नाही, पळतच आल्या, आणि लांबूनच ओरडल्या, "चालवू नका! एक पाऊल पण नाही!"

"म्याडम, पोट दुकतंय तिचं," हनुमंत म्हणाला.

त्यांनी नळी कानात घालून पोटाला लावली, दोन्ही बाजूंनी. मग मागच्या मांड्यांवर हात दाबला. मग खाली वाकून मातीतला तो डाग बघितला.

"पोट चालू आहे. पोटाचं नाही हे," त्या म्हणाल्या. "भाऊ, खरं सांगते, मी घोडी फार बघितल्या नाहीत. गाई-म्हशी सांगा, कोंबड्या सांगा. हे मी पुस्तकात वाचलंय, डोळ्यांनी आज बघतेय. माझ्या सरांना फोन लावते."

हनुमंताला खरं तर बरं वाटलं. आतापर्यंत भोवतालच्या एकानंही 'मला माहीत नाही' म्हटलं नव्हतं.

त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवले, मग बोलल्या, मग फोन कानाला तसाच धरून हनुमंताला विचारायला लागल्या. "गेले काही दिवस काम काय करत होती?"

"काम न्हाई. उभी व्हती. पायात खडा गेलता."

"फिरवत होता थोडी?"

"आजाबात न्हाई. नालबंद म्हन्ला व्हता."

"आणि खायला? काम नव्हतं तेव्हा खायला कमी केलं असेल."

"कमी?" हनुमंताला ते लागलं. "म्याडम, काय बी कमी पडू दिलं न्हाई मी. उडदाची भरड, दोन्ही टायमाला. हरबरं. गूळ. अंडी..."

बोलता बोलता त्यानं मॅडमचा चेहरा बघितला. पुढं दूध राहिलं होतं. ते त्यानं हळूच सांगितलं.

मॅडमनी फोनवर ते सगळं तसंच सांगितलं. पलीकडून बोलणं झालं. मग त्यांनी फोन खिशात ठेवला.

"विष नाही. साप नाही. कुणी काही केलेलं नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या, गोरखशेठला ऐकू जावं म्हणून. "बैलाचा खुराक घोडीला घातला, आणि तो जिरवायला काम दिलं नाही. सगळं मांसात साठलं. आज एकदम पळवली, आणि ते मांस आतल्या आत जळायला लागलं. लघवीतून जातंय ते जळालेलं मांस आहे. जेवढी चालवाल तेवढं आणखी जळेल, आणि ते किडनीत जाऊन बसलं तर घोडी हातची जाईल."

"आमी चालवली," हनुमंत म्हणाला. "आत्ताच. पाच पावलं."

"आता नाही चालवायची. झालं ते झालं."

"मंग काय करायचं?"

"काही नाही. आहे तिथं उभी ठेवायची. सलाईन लावते, दुखण्याचं इंजेक्शन देते. लघवीचा रंग उतरला की जिंकलो. तोवर हलवायची नाही."

हे ऐकायला सोपं होतं. पण घोडी उभी होती कुठं? घाटाच्या माथ्यावर, मैदानाच्या ऐन मध्ये. खालून सुटलेला प्रत्येक गाडा निशाण ओलांडून इथंच येऊन थांबतो. आणि गाड्याचे बैल लहानपणापासून एकच गोष्ट शिकलेले असतात, घोडी दिसली की तिच्यावर जायचं.

यात्रा कमिटीचे प्रमुख हौशीरामबाबा काठी टेकत आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, आणि मागं तीस गाडे खोळंबलेले. "हनुमंता, काय इचार हाय? घ्या की बाजूला."

"हलवायची न्हाई, बाबा. डाक्टरनी सांगितलंय."

"आरं, पर लोकं किती लांबून आलीत. संगमनेरवरनं गाडं आलंय. त्यांना काय सांगू, घोडी उभी हाय म्हनून घरी जावा?"

"मी काय सांगू? माझी घोडी मरंल, बाबा."

हौशीरामबाबांनी घोडीकडं बघितलं. ती मान खाली घालून उभी होती. मॅडम मानेवरची शीर शोधत होत्या. म्हातारा हयातभर बैलवाला, जनावराचं दुखणं ओळखणारा. तो गोरखशेठकडं वळला. "बोल की आता. तुझ्याच खुराकाची घोडी ही."

गोरखशेठ घोडीभोवती एक फेरी मारून आला. त्यानं गुलालानं भरलेला हात धोतराला पुसला, आणि म्हणाला, "माझा ट्रॅक्टर हाय खाली. ट्रॉली आडवी लावतो हिच्यापुढं."

"एक ट्रॉली काय कामाची? बैल वळसा घेत्यात."

"मंग चार लावू. पाच लावू. बैलाला घोडी दिसायची न्हाई आसं करू. दिसली न्हाई तर बैल जात्यात कशाला?" आवाज परत चढला. "आरं ए, ट्रॉल्या आना वर! आन् मांडववाल्याला सांग, पडदं सोड!"

पुढच्या घटकेत त्या मैदानात जे उभं राहिलं, ते त्या वाडीच्या यात्रेत कधी झालं नव्हतं. कांद्याच्या आणि टोमॅटोच्या ट्रॉल्या एकमेकींना लावून अर्धा गोल केला. त्यावर लग्नमांडवाचे निळे-पिवळे पडदे बांधले. आत साळुंकी, हनुमंत आणि मॅडम. सलाईनची बाटली ट्रॉलीच्या फळीला सुतळीनं बांधली. मोजूनमापून बघितलं, दुसरी घोडी गाड्यांना घेऊन डावीकडं वळली तर बैलांना जागा पुरत होती.

"सोडा बारी!" हौशीरामबाबांनी हात केला.

खाली हलगी कडाडली.

आणि पडद्याआड साळुंकीनं मान उचलली. कान ताठ झाले. हनुमंतानं लगाम धरला होता म्हणून, नाहीतर ती निघालीच होती. मागचे पाय दगडाचे, तरी पुढच्या पायांनी माती उकरायला लागली. स्पीकरवर "भिर्रर्र" झालं आणि तिनं अंग झोकलं. मॅडमच्या हातातून सुई निसटली, रक्ताची धार उडाली.

"धरा, धरा तिला!"

"ती पळाया बगतीया, म्याडम! हलगी ऐकली का तिला दम निघत न्हाई."

हनुमंत तिच्या मानेला लोंबकळला. गाडा डावीकडून धडधडत गेला. साळुंकीच्या अंगावर नवा घाम फुटला. मॅडमनी हात लावून बघितलं आणि मान हलवली.

हनुमंत पडदा बाजूला करून बाहेर आला. हौशीरामबाबांपुढं उभा राहिला. आयुष्यात यात्रा कमिटीकडं त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. घोडी द्यायची, घोडी घ्यायची, नारळ घ्यायचा, घरी जायचं.

"बाबा, हलगी बंद करा."

"काय?"

"हलगी आन् स्पीकर. माझी घोडी बारीच्या आवाजानं मराया लागलीय."

"येडा झाला का तू? हलगीबिगर बारी? यात्रा हे का मयत?"

भोवतालची माणसं हसली. मग एक एक करून हसायची थांबली, कारण हनुमंत हसत नव्हता. हाताला घोडीचं रक्त होतं आणि तोंडावर मघाचा गुलाल. गोरखशेठनं घसा खाकरला. काही बोलायला तोंड उघडलं आणि हौशीरामबाबांनी काठी वर करून त्याला गप्प केलं.

"हिनं कितींदा पळून दिलंय आपल्या घाटात?" म्हाताऱ्यानं स्वतःशीच विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही. निवेदकाच्या मांडवाकडं काठी दाखवली आणि म्हणाला, "बंद कर रं ते. आन् हलगीवाल्याला म्हनावं, च्या पी जा."

त्या दुपारी त्या घाटात गाडे मुक्यानं पळाले. निशाणवाला नुसतं फडकं हलवायचा. खालून काही ऐकू यायचं नाही, आणि मग एकाएकी खुरांचा आवाज. नुसता खुरांचा. बैलांचे श्वास, चाकांची खडखड, जुवाची करकर. इतक्या वर्षांत गाड्याचा आवाज असा असतो हे कुणी ऐकलंच नव्हतं, हलगीच्या खाली तो बुडालेला असायचा. लोक ओरडायला जायचे आणि शेजारचा कोपरानं ढोसायचा. संगमनेरवाले तर शेवटपर्यंत टोप्या हातात धरून उभे होते. काहींनी मात्र नावं ठेवली, अशी बेचव यात्रा बघितली नाही म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. गोरखशेठचा गाडा त्या शेवटच्या, नंबराच्या बारीला दुसऱ्या घोडीमागं सोडला, बैल परक्या घोडीला बुजले, आणि पहिला नंबर दुसऱ्याच गावात गेला. गोरखशेठ ट्रॉलीवर चढून बसला होता. खाली उतरला नाही.

"गेला राव नंबर," एवढंच म्हणाला.

पडद्याआड हनुमंताला यातलं काही दिसलं नाही. तो घोडीच्या मागच्या मांडीवर तळहात ठेवून उभा होता. मॅडमनी एक बाटली संपवली, दुसरी लावली, तिसरी लावली. घोडी पुन्हा मुतली तेव्हा तोच रंग. जरा उन्हं कलल्यावर पुन्हा. तोच.

जानकाबाई निरोप मिळून पेठेहून आली, ती घरातल्या सगळ्या गोधड्या घेऊन. रिक्षातून उतरली आणि काही न विचारता घोडीच्या पाठीवर एकावर एक टाकायला लागली.

"सुनेची नवी गोधडी हाय ती," हनुमंत म्हणाला.

"व्हय का? मंग सुनंला सांगा, घोडीनं वापरली." मग तिनं घोडीच्या ढुंगणावर हात ठेवला आणि तिचा आवाज बदलला. "अवं, हे काय झालं हिला?"

"मीच केलं."

"तुमी?"

"खाऊ घालून घालून." मग त्यानं मॅडमनी सांगितलं ते सगळं सांगितलं. जानकाबाईनं ऐकून घेतलं. मग ती बाजूच्या ट्रॉलीतून पाण्याची बादली उचलून घोडीच्या तोंडापुढं धरून उभी राहिली. घोडीनं ओठ बुडवले. दोन घोट घेतले.

"पितेय," मॅडम म्हणाल्या. "छान. जेवढं पिईल तेवढं बरं."

यात्रा पांगली. गाडे गेले, आईस्क्रीमवाले गेले. ट्रॉल्या मात्र कुणी हलवल्या नाहीत, ज्याच्या त्यानं तिथंच सोडल्या. मॅडम घरी जाऊन जेवून परत आल्या. रात्र तशीच गेली, घोडी उभी आणि ती तिघं ट्रॉलीला टेकून.

सकाळी, दूधवाल्याच्या मोटारसायकली सुरू झाल्या त्या सुमाराला, साळुंकीनं पाय फाकवले. हनुमंतानं धावत जाऊन जवळचं पांढरं घमेलं खाली धरलं. त्यात पडलं ते कोऱ्या चहासारखं नव्हतं. पातळ उसाच्या रसासारखं होतं. मॅडमनी घमेलं उजेडात नेलं, तिरकं करून बघितलं, परत बघितलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या. घमेलं तसंच हातात धरून हसत उभ्या राहिल्या.

हनुमंत घमेल्याजवळ आला. त्यात वाकून बघितलं. मग ट्रॉलीच्या चाकाजवळ जाऊन बसला, गुडघ्यात मान घालून. जानकाबाईनं त्याच्याकडं पाठ केली आणि गोधड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

मग दोन दिवसांनी साळुंकी घरी आली. टेम्पोतून, जानकाबाईच्या भाषेत नवरीसारखी. पूर्ण बरी व्हायला आणखी महिना गेला. मॅडमनी सांगितलं, लग्नाला चालेल, बारीला नाही. हनुमंतानं मान डोलावली. घाटाची घोडी म्हणून तिचं नाव होतं, ते गेलं. दुसरी घोडी घे म्हणून लोकांनी सांगितलं, गोरखशेठनंही सांगितलं. हनुमंतानं अजून घेतलेली नाही.

पण एक गोष्ट तो त्या दिवसापासून करतो. काम असो नसो, पाऊस असो ऊन असो, सकाळी साळुंकीला सोडतो आणि फिरवून आणतो. हातात लगाम, पाठीवर बसत नाही. पेठेच्या वरच्या अंगाला टेकडी आहे तिच्याकडं जातात दोघं, तिथून हायवेच्या कडेनं परत. वाटेत ट्रकवाले हॉर्न वाजवतात, घोडी कान हलवते आणि पुढं चालते.

"हनुमंता, लग्न कुटं?" हॉटेलवाला हटकून विचारतो.

"लग्न न्हाई."

"मंग कुटं निघालास?"

"कुटं न्हाई. चाललोय."

घरी आल्यावर जानकाबाई ओट्यावर उभी असते. "झालं का तुमचं दोगांचं फिरून? मला एवड्या वर्षांत येक डाव तरी न्येलं का फिराया?"

"चल की उद्या."

"मला न्हाई बाई येळ," ती म्हणते आणि घोडीपुढं वैरणीची पेंढी टाकते. सुका कडबा, मूठभर भरड. बास.